पेटीवाले सोविंदाजी

धर्मकाट्यावर बसून माझी वीस वर्षं गेली. लाखनीच्या हायवेवर दिवसभर जे काही धावतं त्यातलं निम्मं तरी माझ्या काट्यावर चढून गेलेलं आहे. धानाचे ट्रक, कोंड्याचे ट्रक, गिट्टी, भंगार, आणि एकदा लग्नाच्या बँडची गाडी, वाजवणाऱ्यांसकट. पण गाडीचं नुसतं नाक मोजायला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सोविंदाजी त्याचं नाव. मागच्या थंडीत गेले. त्यांची पेटी आता दुसरा एक जण ओढतो आणि काय वेगानं ओढतो, बाप्पा! तो समोरून गेला की मी मान फिरवून घेतो.

पेटी म्हणजे शवपेटी. माणूस गेला आणि पोरगा पुण्याला किंवा हैदराबादला असला की तो येईपर्यंत देह ठेवायची ती थंड पेटी, वर काच असलेली. सोविंदाजींनी ती दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवली होती, सोबत एक लहान जनरेटर, आणि हे सगळं ओढायला एक जुनी व्हॅन. ही व्हॅन त्यांनी आधी शाळेची पोरं न्यायला घेतलेली, इतकी हलकी की चार माणसांनी मनावर घेतलं तर उचलून बाजूला ठेवतील.

पहिल्यांदा ते काट्यावर आले तेव्हा मी जेवत होतो. सडपातळ माणूस, पांढरा शर्ट, पायजमा, पायात रबरी चपला. म्हणाले, "काटेवाले भाऊ, नाक मोजाचं हाये."

मी म्हटलं, "कोनाचं?"

हसले नाहीत. ट्रॉलीचा पुढचा दांडा, जो व्हॅनच्या हुकात अडकतो, त्याच्यावर हात ठेवून म्हणाले, "याचं."

मी चिडलो. ट्रकाच्या काट्याला पन्नास किलो म्हणजे काहीच नाही, त्याला ते कळतसुद्धा नाही. तसं मी सांगितलं. तर यांची नजर गेली कोपऱ्यातल्या लहान काट्याकडे, धानाची पोती मोजायचा. त्याच्यावर त्यांनी लाकडाचा एक ठोकळा ठेवला, कारण नाक मोजताना ते हुकाच्याच उंचीवर राहिलं पाहिजे म्हणे. आधी ठोकळा मोजला. मग त्याच्यावर दांडा टेकवला. मग मला म्हणाले, आता ठोकळ्याचं वजा करा. माझा भात गार होत होता आणि हा गृहस्थ मला वजाबाकी सांगत होता.

"किती झालं?"

"वीस."

"कमी हाये जी," म्हणाले आणि जनरेटर सोडवून चार बोटं पुढं सरकवला. पुन्हा मोजलं. पुन्हा सरकवला. पन्नासाला आलं तेव्हा कुठं त्यांचा चेहरा उजळला. मी विचारलं, ही काय भानगड आहे? तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते पुढं मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं. ओढणारी गाडी हलकी, मागचं ओझं तिच्याहून थोडंसंच कमी. अशा वेळी ओझं चाकांच्या मागं गेलं की नाक हलकं होतं, आणि नाक हलकं झालं की ट्रॉली डोलायला लागते. आधी थोडी. मग व्हॅनचं बूड धरून इकडून तिकडं फेकते. सगळ्या वजनाचा दहावा हिस्सा तरी नाकावर पाहिजे.

"तुमाले कोनं सांगतलं?" मी विचारलं.

"ट्रॉलीनंच," म्हणाले.

झालं असं होतं की वेल्डिंगवाल्यानं ट्रॉली करून दिली ती जनरेटर मागं ठेवून. मागून काढा-घालायला सोपं म्हणून. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही, त्यानं आयुष्यभर पाण्याच्या टाक्या आणि गेट केले. पहिल्याच दिवशी, पेटी रिकामी असताना, हायवेवर एक ट्रक बाजूनं सुसाट गेला आणि ट्रॉली जी डोलायला लागली ती थांबेना. सोविंदाजींनी घाबरून ब्रेक मारला. व्हॅन अर्धी फिरली आणि जिकडून आली तिकडं तोंड करून थांबली. ते उतरले, रस्त्याच्या कडेला बसले आणि म्हणे बराच वेळ तसेच बसून राहिले. "आत कोनी असतं तर, भाऊ?" मला त्यांनी विचारलं. आत जो असतो त्याला आता काय व्हायचं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्यांच्याकडे बघून मी गिळून टाकलं.

त्यांचं सगळं वागणं या एकाच गोष्टीभोवती होतं: आतला माणूस हलला नाही पाहिजे. निघण्याआधी ट्रॉलीच्या चाकांवर हाताची थाप मारून हवा पाहायचे. दोन्ही हातांनी नाक उचलून पाहायचे आणि म्हणायचे, "कंबरेले कळते." नाक एका हातानं उचललं गेलं तर पुन्हा सगळं सोडवून बांधायचं. मग काचेशी वाकून आतल्याला म्हणायचे, "निघतो जी." बाई असली तर "निघतो, माय." वेग तीस. ट्रकवाले मागून हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. हायवेवरून तीसनं जाणाऱ्या माणसाला लोक काय काय म्हणतात ते मी काट्यावरून ऐकलेलं आहे.

आणि एक नियम. आपल्याकडे मेलेल्या माणसाला एकटं नेत नाहीत, कोणीतरी उशाशी-पायथ्याशी बसतंच. बैलगाडीत ठीक होतं. पण ट्रॉलीवर बसायला जागा कुठं, तर पेटीच्या मागच्या फळीवर. दोन माणसं मागं बसली की नाकावरचं वजन गेलंच. सोविंदाजी कोणाला बसू द्यायचे नाहीत. त्यासाठी त्यांनी व्हॅनची मागची सीट उलटी करून घेतली होती, तोंड पेटीकडे. मागचं दार काढून तिथं नुसती जाळी. "आत बसा, पुरा रस्ता त्यायच्याकडं पाहा, बोला, रडा. पन फळीवर नाही." मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या घरच्यांना त्यांनी फळीवरून उतरवलं होतं. त्या बाबतीत ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत.

माणूस हवासा, पण कोणालाच नको असलेला. ज्याच्या घरी पाळी येई तो पाया पडायचा, आणि दिवस झाले की ओळख विसरायचा. व्हॅन समोर दिसली की पानठेल्यावरचं बोलणं बंद. त्यांना लग्नाचं आमंत्रण फोनवर यायचं, तेही लग्न होऊन गेल्यावर. "गडबडीत राहून गेलं जी." ते म्हणायचे, "होते जी, होते." चौकातल्या चहावाल्याकडे सगळ्यांना काचेचा ग्लास आणि यांना कागदाचा. मी एकदा त्यावरून चहावाल्याशी भांडलो. सोविंदाजींनी माझा हात धरला. "राहू द्या. कागदाच्याले धुवा नाही लागत, त्याचं बी काम वाचते." मला त्यांचा असा राग यायचा! माणसानं इतकं समजूतदार असू नये.

त्यांनी हे कशासाठी सुरू केलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. बायको गेली ती भर मे महिन्यात. एकुलती एक पोरगी वैशाली, तेव्हा पुण्याला शिकायला. गाडीत बसली, पण पुण्याहून यायचं म्हणजे दिवस जातो. बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या वितळल्या. पुन्हा आणल्या, त्याही वितळल्या. दुपारी वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आता थांबता येत नाही. वैशू उतरली ती आईला नेऊन दोन तास झाल्यावर. "घरात आली न् अंगनातल्या ओल्या जागेकडं पाहत राहिली, भाऊ. काई बोलली नाही. मले आजवर नाही बोलली त्याबद्दल." पुढच्या वर्षी त्यांनी पेटी घेतली. शाळेची पोरं बंद झाली, कारण ज्या व्हॅननं पेटी ओढायची तिच्यात आपली लेकरं कोण बसवेल!

वैशूचं लग्न तिच्या मामानं जमवलं. आसगावला, पवनी तालुक्यात, चांगलं शेतीवाडीचं घर. जावई प्रफुल्ल, पवनीला खताच्या दुकानात. सासरे देवाजी, गावात मान असलेला माणूस. मामानं पोरीच्या बापाबद्दल सांगितलं ते एवढंच, की त्यांची गाडी आहे. कसली गाडी ते देवाजींना लग्नानंतर महिन्यानं कळलं. त्यांनी निरोप धाडला: तो धंदा सोडा, मग आमच्या दारात या. तोवर त्या हातचं पाणी आमच्या घरात नको.

नात झाली. बारशाला सोविंदाजी व्हॅन घरी ठेवून बसनं गेले. नवा शर्ट शिवला होता, मला दाखवायला आले होते. आसगावच्या थांब्यावर उतरले तर समोर देवाजीच उभे. वाईट बोलले नाहीत हं. व्याही म्हणून रामराम केला, हॉटेलात नेलं, चहा पाजला, तब्येत विचारली, आणि परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीपाशी उभं राहून म्हणाले, "सोडल्यावर या." संध्याकाळी सोविंदाजी काट्यावर आले, माझ्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मानूस चांगला हाये जी. चहात साखर इचारून टाकली." मी उठून आत गेलो आणि उगीच नसलेल्या ट्रकाची पावती फाडली.

त्या आठवड्यात त्यांनी ठरवलं, विकायची. खरंच ठरवलं. नातीला मांडीवर घ्यायचं होतं त्यांना, दुसरं काही नाही. तिला त्यांनी पाहिलं ते फोनवर, तेही वैशू गच्चीवर वाळवण घालायला गेली तर. पण अशा पेटीला गिऱ्हाईक मिळायला अडीच-तीन वर्षं गेली. शेवटी एक माणूस आंधळगावहून आला. त्याची गाडी तर यांच्या व्हॅनहूनही हलकी. सोविंदाजी म्हणाले, पेटी नेण्याआधी ओढून दाखवा. पेटीच्या जागी कोंड्याची पोती भरली आणि मुद्दाम दोन पोती मागच्या फळीवर टाकली. आतल्या सुनसान रस्त्यावर नेलं. मी मोटारसायकलवर मागं. चाळीसला गाडी गेली आणि ट्रॉली डोलायला लागली. त्या गड्यानं काय केलं? जे कोणीही करील तेच. ब्रेक मारला आणि हँडल उलट्या दिशेला ओढलं. ट्रॉली आडवी झाली, हूक पिळला आणि पोती बाजूच्या धानाच्या बांधीत जाऊन पडली. कोणाला लागलं नाही.

तो म्हणाला, "शिकून घेईन जी. द्या तुमी."

सोविंदाजींनी त्याला दोन तास शिकवलं. डोलायला लागली की पाय ॲक्सिलेटरवरून उचलायचा, बस. ब्रेकला हात नाही, पाय नाही. हँडल दोन्ही हातांनी सरळ धरायचं, तिच्या डोलण्याशी भांडायचं नाही. वेग उतरला की ती आपोआप मागं येते. ऐकायला सोपं आहे. पण त्या वेळी अंगातलं सगळं ब्रेककडे धावतं. हूक सरळ करून त्याला पुन्हा तीन खेपा दिल्या, तिन्ही खेपांना तो गडी ब्रेककडेच गेला. सोविंदाजींनी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवला.

मी भडकलो. "अहो, त्याचं तो पाहून घेईन ना! नात तीन वर्षांची होऊन राहिली तुमची. तुमाले काय पडलं त्या पोत्यांचं?"

"पोती नाही राहत ना जी आत," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा विकायचा विषय काढला नाही.

आणि मग तो दिवस आला. पोळा होऊन गेला होता, धान अजून उभं होतं, माझ्या काट्यावर काम नव्हतं. सोविंदाजी आले ते बाकावर बसलेच नाहीत. "येता का संग? भंडाऱ्याच्या दवाखान्यातून आसगावले न्याचं हाये." ज्यानं फोन केला त्याला हे वैशूचे वडील आहेत ते माहीत नव्हतं, नंबर दवाखान्यातल्या कोणीतरी दिलेला. पण मयताचं नाव सांगितलं ते यांना माहीत होतं. देवाजी.

कधी कोणाला सोबत बोलावणारा माणूस नव्हता तो. मी शटर ओढलं आणि बसलो.

दवाखान्याच्या दारात प्रफुल्ल उभा होता, डोळे सुजलेले. त्यानं सासऱ्यांना पाहिलं आणि खाली बघितलं. सोविंदाजींनीही ओळख दाखवली नाही. बाकीच्यांनी त्यांना लग्नात एकदाच पाहिलेलं, कोणी ओळखलं नाही. देवाजींना पेटीत ठेवलं. आणि देवाजींचे धाकटे भाऊ हरिभाऊ, चांगला धिप्पाड माणूस, सरळ मागच्या फळीवर चढून बसले. त्यांच्या शेजारी त्यांचा मेहुणा.

"आत बसा जी," सोविंदाजी म्हणाले. इतक्या हळू मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"आमच्या भावाले एकटं नाही नेत आमी," हरिभाऊ म्हणाले.

सोविंदाजींनी नाक उचललं. एका हातानं उचललं गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जोरजोरात मान हलवली. नका! पण त्यांनी हुकात दांडा टाकला आणि पिन लावली. कोणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस त्या घरच्यांना नाही म्हणू शकला नाही. पोरीचं सासर होतं ते. पुढं प्रफुल्ल बसला, मागच्या उलट्या सीटवर मी एकटा, तोंड पेटीकडे.

पहेला गाव मागं पडलं. प्रफुल्लचा फोन सारखा वाजत होता. "जरा वाढवा जी, लोक सकाळपासून खोळंबले." तीसचे पस्तीस झाले. "जरा आनखी." सोविंदाजींनी तेही ऐकलं. अड्याळच्या अलीकडे कालव्याचा पूल आहे, चढून पुन्हा उतार. उतारावर लागलो आणि एक भरलेला ट्रक आम्हाला घासून पुढं गेला. त्याच्या वाऱ्यानं ट्रॉली थोडी डावीकडे गेली. मग उजवीकडे, जास्त. मग डावीकडे, त्याहून जास्त. मी समोरच बसलो होतो. काचेआड देवाजींची मान इकडून तिकडं होत होती आणि त्यांच्या पायथ्याशी दोन जिवंत माणसं पेटीला मिठी मारून ओरडत होती. व्हॅनचं बूड माझ्याखालून सरकत होतं. देवाशपथ सांगतो, मी डोळे मिटले.

"ब्रेक मारा! ब्रेक मारा ना!" प्रफुल्ल किंचाळला.

"हात मांडीवर ठेवा, जावईबापू," सोविंदाजींचा आवाज आला. "बोलू नका."

इंजिनचा आवाज उतरला. बाकी काहीच झालं नाही. ब्रेक नाही, झटका नाही. उतार असल्यानं वेग लवकर कमी होईना, ट्रॉली अजून दोनदा मोठी डोलली, पुलाच्या कठड्याला घासेल असं वाटलं. मग एकदा कमी. मग आणखी कमी. मी डोळे उघडले तेव्हा ती मुकाट मागं येत होती. कडेला थांबलो.

सोविंदाजी उतरले, मागं गेले आणि म्हणाले, "उतरा."

हरिभाऊंचा ताठा अजून गेला नव्हता. "उतरू कायले? आता तर थांबली ना!"

"उतरा म्हनलं ना!" सोविंदाजी ओरडले. पहिल्यांदाच. "जीव गेला असता दोघायचा!"

"तू कोन सांगनारा बे? भाड्याचा डायवर!"

"काका," प्रफुल्ल मागून म्हणाला, "वैशूचे बाबा हायेत ते."

हरिभाऊंनी एकदा पुतण्याकडे पाहिलं, एकदा सोविंदाजींकडे, आणि खाली उतरले. दोघंही माझ्या शेजारी येऊन बसले, तोंड भावाकडे. सोविंदाजींनी नाक उचलून पाहिलं, दोन्ही हातांनी. मग ते काचेवर वाकले. "चुकलो जी व्याही. हलवलं तुमाले. आता नाही हलवत." त्यांचे डोळे भरून आले होते. तिथून आसगावपर्यंत तीसच्या वर काटा गेला नाही आणि कोणी फोनही उचलला नाही.

आसगावात सगळं व्हायचं तसं झालं. सोविंदाजी घाटावर गेले नाहीत, व्हॅन घेऊन गावाबाहेर तळ्याच्या पाळीवर, बांधावर, थांबले. त्यांची नेहमीची जागा तीच, गाव कोणतंही असो. मला वाटलं, आता निघू. तर म्हणाले, "थांबा जी. घास राहिला."

अग्नी देऊन आल्यावर त्या घरात चूल पेटत नाही. पहिला घास बाहेरून येतो, कडू घास, आणि त्या घरची पद्धत अशी की तो सुनेच्या माहेरानं द्यायचा. वैशूच्या माहेरी होतं कोण? हा एक माणूस, तळ्याच्या पाळीवर उभा. व्हॅनमध्ये त्यांचा स्टोव्ह असायचा, कारण मयताच्या घरी दिवस दिवस बसायचं आणि खायला कोण देणार. गावातून तांदूळ, बेसन, कांदे आणले. एका म्हातारीनं भात शिजवायला तिचा मोठा गंज दिला. मी कांदे चिरले, त्यांनी भात टाकला, बेसन हाटलं. गंज व्हॅनमध्ये ठेवू दिला नाही. "त्या गाडीतून आलेलं कोन खाईन जी?" दोन कान दोघांनी धरून आम्ही अर्धा किलोमीटर चालत गेलो. तळहात भाजले माझे.

अंगणात माणसं ओळीनं बसली होती. सोविंदाजींनी पत्रावळीवर भात वाढला, वर बेसन. कोणी हात लावेना. सगळे एकमेकांकडे बघत होते. ते वाढत गेले, ओळीच्या टोकापर्यंत, आणि तिथं रिकामा डाव हातात धरून उभे राहिले. दारात वैशू, काखेत पोरगी. बापाला तिनं चार वर्षांनी समोर पाहिलं होतं, पण पाऊल उंबऱ्याबाहेर टाकायची तिची हिंमत झाली नाही.

आतून देवाजींच्या बायकोचा आवाज आला, रडून बसलेला. "घास कोनाचा हाये?"

हरिभाऊ खाली बघत म्हणाले, "वैशूच्या बापाचा, वयनी."

आत कोणीतरी नाक ओढलं. मग, "मंग वाढा मले बी."

वैशू आली, पत्रावळ घेऊन गेली. हरिभाऊंनी पहिला घास घेतला आणि मग सगळेच जेवले. मला रडू आलं, मी उगीच धुराचं नाव केलं. तेवढ्यात ती पोरगी, वैशूच्या काखेतून, सोविंदाजींकडे बोट करून म्हणाली, "आई, हे कोन?"

वैशूनं तोंड उघडलं. सगळे बघत होते, आता कोणाची ना नव्हती. आणि तिच्या आधी सोविंदाजीच बोलले. "पेटीवाला आहो मी, माय." इतकं म्हणून त्यांनी गंज उचलला आणि चालायला लागले.

पाळीपर्यंत मी दम धरला. म्हातारीचा गंज परत केला, व्हॅन सुरू झाली, गावाची शेवटची घरं मागं पडली आणि मग माझ्यानं राहवेना. "काहून म्हनलं तसं? अहो, साऱ्या जन्माचा घास तोंडाशी आला होता तुमच्या! आजोबा आहो म्हनलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी गिअर बदलला. बरंच पुढं गेल्यावर म्हणाले, "निघून गेलं जी तोंडातून. कोनी कोन म्हनलं की तेच निघते. इतके वर्स तेच सांगत आलो." आणि मग रडायलाच लागले. स्टिअरिंगवर दोन्ही हात सरळ ठेवून, रस्त्याकडे पाहत, लहान पोरासारखे.

"फिरवा गाडी," मी म्हटलं.

"अरुंद हाये. ट्रॉली नाही फिरत इथीसा."

"मंग सोडा ना ती ट्रॉली, बाप्पा!"

ते थांबले. खाली उतरले. चाकांना दगड लावले, पिन काढली, नाक ठोकळ्यावर टेकवलं. व्हॅनकडे पाहिलं, पण व्हॅनसुद्धा घेतली नाही. "येतो जी," म्हणाले, पेटीला की मला ते कळलं नाही. आणि पायीच गावाकडे निघाले, रबरी चपला फटफट वाजवत. ऊन उतरलं होतं, दोन्ही बाजूंना हिरवं धान. मधे एकदा थांबून त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला आणि पुन्हा चालायला लागले. वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी त्यांना पाहत होतो.

मी पेटीशेजारी बसून राहिलो. तेवढ्यात व्हॅनमध्ये फोन वाजला. तो ते इथंच विसरून गेले होते. मी उचलला. पलीकडून घाबरा आवाज, "पेटीवाले का जी?"

"नाही जी," मी म्हटलं. "ते नातीकडं गेले हायेत. त्यायले थोडा वेळ लागन."